आडात आहे, पोहऱ्यात नाही

“आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?” ही म्हण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु यंत्रांच्या इतिहासात या म्हणीच्या नेमकी उलट अवस्था वारंवार आढळते. आडात पाणी आहे, पोहराही धड आहे, आणि तरी वर काही येत नाही! मोटारीच्या टाकीत दहा लिटर पेट्रोल आहे, एंजिन सुस्थितीत आहे. पण वळण लागले की तेच एंजिन आचके देऊ लागते, आणि रस्ता सरळ झाला की काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा धावू लागते. जुन्या वेगवान मोटारी बाळगणाऱ्या हौशी मंडळींना हा अनुभव चांगलाच परिचयाचा आहे. या किरकोळ वाटणाऱ्या दोषाला मोठा इतिहास आहे, आणि तो इतिहास समजला म्हणजे उपायाची दिशाही समजते, असे आम्हांस वाटते.

प्रथम कारण पाहू. बैलगाडीने एकाएकी वळण घेतले की हातातील तांब्याचे पाणी बाहेरच्या बाजूस चढते. टाकीतील पेट्रोलाचेही तसेच. समजा, पन्नास मीटर त्रिज्येचे वळण एखाद्या मोटारीने ताशी ७२ किलोमीटर वेगाने घेतले, तर पेट्रोलाचा पृष्ठभाग सुमारे ३९ अंशांनी तिरका होतो. टाकी भरलेली असली तर बिघडत नाही. परंतु ती रुंद, उथळ आणि जेमतेम पाव भरलेली असली, म्हणजे सारे पेट्रोल एका कुशीस जाते, ओढनळीचे तोंड उघडे पडते, आणि पंप पेट्रोलाऐवजी हवा ओढू लागतो.

द्रवाच्या या चंचलपणाची फार मोठी किंमत मोटारींच्या आधी विमानांनी मोजली. १९४० साली ब्रिटनच्या आकाशात जी लढाई झाली तीत स्पिटफायर व हरिकेन या ब्रिटिश विमानांना रोल्स-रॉइसचे २७ लिटरचे, बारा सिलिंडरांचे मर्लिन एंजिन होते. पाण्याच्या टाकीत पातळी राखण्यासाठी तरंगता गोळा बसवितात, तद्वत त्याच्या कार्बुरेटरात फ्लोट होता. वैमानिकाने विमानाचे नाक झटकन खाली घातले की पेट्रोल कप्प्याच्या तळाशी न राहता छताकडे उसळे, आणि एंजिन क्षणभर उपाशी राही. तीच स्थिती टिकली तर फ्लोट तळाशी दडपला जाऊन पेट्रोलाची झडप सताड उघडी राही, व मग असा लोंढा येई की एंजिन गुदमरून बंदच पडे. आधी उपास आणि पाठोपाठ अजीर्ण! समोरच्या जर्मन मेसरश्मिट १०९ मधील डाइम्लर-बेंझ एंजिनात कार्बुरेटरच नव्हता. पेट्रोल दाबाने थेट सिलिंडरात फवारले जाई. जर्मन वैमानिक अडचणीत आला की सरळ खाली सूर मारी; इंग्रज वैमानिकास त्याच्या मागे जाण्यापूर्वी आपले विमान पालथे करून घ्यावे लागे. हवाई युद्धात एवढा विलंब म्हणजे हातची शिकार जाणे, किंवा स्वतःच शिकार होणे.

यावर तोडगा काढला तो फार्नबरोच्या सरकारी विमान-संशोधन संस्थेतील बिआट्रिस शिलिंग या यंत्रविशारद बाईंनी. मँचेस्टर विद्यापीठाच्या या पदवीधर स्त्रीने ब्रुकलंड्सच्या शर्यतमार्गावर मोटारसायकलने ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने फेरी मारून सुवर्णताऱ्याचा मान मिळविला होता. तेव्हा एंजिनाचे आचके त्यांना केवळ कागदावर ठाऊक होते असे नव्हे. त्यांनी केले काय? पेट्रोलाच्या नळीत मधोमध छिद्र असलेला धातूचा एक लहानसा तुकडा बसविला. छिद्राचे माप असे की पूर्ण ताकदीवर एंजिनास जेवढे लागेल तेवढेच पेट्रोल त्यातून जावे, अधिक जाऊ नये. विमान कारखान्यात परत न नेता तळावरच हे काम करता येई. १९४१ च्या आरंभी शिलिंगबाई आपल्या लहानशा पथकासह तळोतळी हिंडल्या, आणि मार्च महिन्यापर्यंत लढाऊ दलातील विमानांना हा तुकडा बसलाही. वैमानिकांनी थट्टेने त्याला ‘मिस शिलिंगचे छिद्र’ असे नाव दिले.

या छिद्राने रोग समूळ गेला असे पुष्कळदा सांगितले जाते; ते खरे नव्हे. लोंढा थांबला, पण सुरुवातीचा क्षणिक उपास राहिलाच. त्यावरचा पुरा इलाज १९४३ मध्ये दाबावर चालणाऱ्या कार्बुरेटराने झाला. तथापि शिलिंगबाईंची बुद्धिमत्ता नेमकी येथेच दिसते. एका दोषात दोन दोष आहेत हे त्यांनी ओळखले, आणि त्यांतील जो प्राणावर बेतणारा होता तो हाताशी असलेल्या साधनांनी आधी दूर केला.

युद्धानंतर दाबाने फवारण्याची विद्या मोटारींत आली. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएल या गाडीत ती दिसते. पण ती गाडी धनिकांची. सामान्य गृहस्थाच्या दारी ही विद्या पोहोचविण्यात फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयचा वाटा मोठा आहे. १९७५ च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनात ती प्रथम मांडली गेली व पुढील वर्षी विक्रीस आली. १५८८ सी.सी.चे एंजिन, ११० अश्वशक्ती, आणि बॉशची के-जेट्रॉनिक ही अखंड फवारा देणारी यंत्रणा. आरंभी केवळ पाच हजार गाड्यांचा बेत होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक निघाल्या. ‘हॉट हॅच’ ही जात तिच्यामुळे रूढ झाली.

फ्लोट गेला, तेव्हा वळणाचे दुखणेही गेले असे कोणास वाटेल. ते गेले नाही. ते कार्बुरेटरातून उठून टाकीत जाऊन बसले. चाळीस वर्षांची ही गाडी आज हौशी माणसाच्या हाती येते. तो नवा कॅमशाफ्ट घालतो, कॉम्प्रेशन वाढवितो, रस्ता घट्ट धरणारे नवे टायर चढवितो. म्हणजे एंजिनाची भूक वाढली, आणि वळणावरचा वेगही वाढला. टाकी, नळी व गाळणी मात्र जुन्याच! मग भर वळणात पेट्रोल तुटते. मिश्रणात हवा फार झाली की एंजिन ठोके देते, आणि पूर्ण ताकदीवर हे वरचेवर घडले तर पिस्टनचा माथा वितळूही शकतो. त्याहून वाईट म्हणजे, ओढ एकाएकी तुटताच गाडीचा भार पुढे येतो, मागची चाके हलकी होतात आणि पुढच्या चाकांवर चालणारी ही हलकी गाडी शेपूट फिरवते. प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. आत बसलेल्यांच्या जिवाचा होतो.

उपाय शोधताना शिलिंगबाईंचीच रीत धरावी. आधी दोषाची फोड करावी. सरळ रस्त्यावर चढत्या वेगातही एंजिन उपाशी राहत असेल, तर गाळणी, पंप व नळ्या तपासाव्यात. फक्त वळणावर, तेही एकाच बाजूच्या, आणि टाकी अर्धीमुर्धी असतानाच अडत असेल, तर दोष टाकीचा. टाकी काठोकाठ भरून पाहावी. खोड नाहीशी झाली तर निदान पक्के झाले.

आता किती पेट्रोलाची उणीव पडते ते पाहा. ११० अश्वशक्तीचे एंजिन पूर्ण ताकदीवर सेकंदास ढोबळ मानाने नऊ घनसेंटिमीटर पेट्रोल पिते. पाच सेकंदांच्या वळणास पंचेचाळीस घनसेंटिमीटर, म्हणजे अर्धा कप चहाहूनही कमी! म्हणून मोठी टाकी नको, मोठा पंपही नको. मुख्य टाकी व दाबाचा पंप यांच्यामध्ये लिटरभराचे एक उभे भांडे बसवावे. एका लहान पंपाने ते सतत भरलेले ठेवावे. दाबाच्या पंपाने त्याच्या तळातून पेट्रोल घ्यावे, आणि भांड्याच्या माथ्यावरून ओसंडणारे तेवढे टाकीत परत जावे. एंजिनाकडून परतणारे पेट्रोल मात्र याच भांड्यात सोडावे. ही गोष्ट पुष्कळजण विसरतात. दाबाचा पंप एंजिनास लागते त्याच्या कित्येक पट पेट्रोल फिरवीत असतो. ते परस्पर टाकीत गेले तर भांडे पाहता पाहता रिकामे होते. कारखान्यानेही पुढे हाच मार्ग धरला. दुसऱ्या पिढीच्या गोल्फ जीटीआयमध्ये टाकीत एक लहान पंप व गाडीखाली असे एक भांडे आढळते. अर्थात पेट्रोलाशी गाठ आहे. जोडकाम जाणत्या कारागिराकडूनच, उघड्या हवेत व विस्तवापासून दूर करून घ्यावे.

१९४१ चा छिद्राचा तुकडा आणि आजचे लिटरभराचे भांडे ही दोन्ही साधने क्षुद्र दिसतात. परंतु ताकद वाढविण्याआधी पुरवठा पाहावा, आणि पुरवठा पाहताना तो किती आहे याबरोबरच अडचणीच्या क्षणी तो कोठे असतो हेही पाहावे, हा धडा त्यांनी दिला आहे. आड भरलेला आहे एवढ्यावर समाधान मानून चालत नाही. पोहरा पाण्याला टेकतो की नाही, हे वाकून पाहावेच लागते.