शजऱ्यातून जाळलेली नावे

पुण्याच्या नारायण पेठेला नारायणराव पेशव्यांचे नाव आहे. हे नारायणराव अवघे अठरा वर्षांचे असताना, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात शनिवारवाड्यात मारले गेले. पेठेतून वाड्यापर्यंत पायी जायला फार तर पाव तास लागतो. वाटेत अप्पा बळवंत चौक लागतो आणि तिथली पुस्तकांची दुकाने. या दुकानांत पेशवाईवरच्या कादंबऱ्या मिळतात, तशीच हॅरी पॉटरची पुस्तकेही मिळतात. भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने ती मराठीत आणल्यापासून इंग्रजी न येणाऱ्या घरांतही ती पोचली. मुस्लीम मोहल्ल्यांतली मराठी शाळेत जाणारी मुलेही ती वाचतात. या मुलांच्या वाचनात आलेले एक काल्पनिक घर आणि त्यांच्या शहरातला एक खरा वाडा यांच्याविषयी आम्हाला इथे लिहायचे आहे. दोन्ही घरांत भुताची गोष्ट आहे. पण भीतीचे खरे कारण भूत नाही, घराण्याची वंशावळ आहे, असे आम्हाला वाटते.

काल्पनिक घर लंडनमधले. ग्रिमॉल्ड प्लेस, क्रमांक बारा. जे. के. रोलिंग यांच्या मालिकेच्या पाचव्या पुस्तकात, म्हणजे २००३ साली, ते प्रथम वाचकांसमोर आले. ब्लॅक नावाच्या जुन्या जादूगार खानदानाचे हे वडिलोपार्जित घर. अकरा आणि तेरा क्रमांकांच्या घरांमध्ये ते असे दडलेले की शेजाऱ्यांनाही दिसत नाही. आत अंधार, बुरशी, शापित वस्तू आणि म्हाताऱ्या झालेल्या गुलाम बुटक्यांची भिंतीवर ओळीने लावलेली मुंडकी. दारातच मृत मालकिणीचे चित्र आहे. जरा आवाज झाला की ते जागे होते आणि घरात आलेल्या 'अशुद्ध' रक्ताच्या लोकांना शिव्या देऊ लागते. दिवाणखान्यात एक मोठा पडदा आहे. त्यावर सोनेरी धाग्याने सातशे वर्षांची वंशावळ विणलेली आहे, आणि तिच्यावर मध्येच जळकी भोके आहेत. जादूगार नसलेल्या आईबापांच्या मुलाशी लग्न करणारी मुलगी, घर सोडून पळालेल्या पुतण्याला पैसे ठेवून गेलेला काका, आणि सोळाव्या वर्षी घर सोडणारा तो पुतण्या सिरियस, या सगळ्यांची नावे घरच्यांनी जाळून टाकली आहेत.

जादूगारांची घरे आपल्या वाचकांना नवी नाहीत. अमीर हमजाची दास्तान आपल्या आजे-पणज्यांनी ऐकलेली. अकबराने तिची चित्रमय पोथी करून घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे जाडजूड खंड मुहम्मद हुसेन जाह आणि अहमद हुसेन कमर यांनी बाहेर काढले. मराठीत त्याआधीच कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस गोष्टी आणायला आरंभ केला होता. या साऱ्या वाङ्मयात महाल आहेत, तळघरे आहेत, बोलणारे पुतळे आहेत. होशरुबाचा बादशहा अफ्रासियाब हा तर जादूगारांचा शहेनशहा. पण दास्तानीतल्या जादूचा एक नियम असा की, जादूगार मेला की त्याची जादूही संपते. वादळ उठते, काळोख दाटतो आणि मायेचा महाल जागच्या जागी विरून जातो.

ग्रिमॉल्ड प्लेस इथेच वेगळे ठरते. मालकीण मेली तरी तिचे चित्र ओरडतेच आहे. नोकर क्रीचर तिच्याच शिव्या पुटपुटत फिरतो आहे. वंशावळीवरची भोके कोणी रफू केलेली नाहीत. दास्तान एका जादूगाराची गोष्ट सांगते, ही कादंबरी खानदानाची सांगते. माणूस मरतो, खानदानाची शुद्धता मात्र भिंतीवर टांगलेली राहते. इतिहासाला हे दुसरे घर अधिक ओळखीचे आहे.

आता आपल्या वाड्याकडे वळू. १० जानेवारी १७३० रोजी पहिल्या बाजीरावांनी शनिवारवाड्याची पायाभरणी केली आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. याच वाड्यात मस्तानीचा महाल होता. छत्रसाल बुंदेल्यांची ही मुलगी बाजीरावांच्या घरात आली, पण घराण्यात आली नाही. १७३४ मध्ये तिला मुलगा झाला. त्याचे नाव कृष्णराव ठेवायचे, त्याची मुंज करायची, अशी बाजीरावांची इच्छा होती आणि ब्रह्मवृंदाने ती मानली नाही, अशी परंपरा सांगते. मुलगा शमशेरबहाद्दर या नावाने मुसलमान म्हणून वाढला. बाजीराव मोहिमेवर असताना भाऊ चिमाजीअप्पा आणि मुलगा नानासाहेब यांनी मस्तानीला कैदेत ठेवले. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला बाजीराव गेले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मस्तानीही गेली. तिची कबर पुणे जिल्ह्यातल्या पाबळला आहे.

शमशेरबहाद्दराचे पुढे काय झाले, हे आमच्या मते प्रत्येक मराठी मुसलमानाला माहीत असायला हवे. बाजीरावांचा मुलगा असून पेशवाईच्या वारसात त्याचा विचार कधी झाला नाही. तरी तो घराण्यासाठी लढला. १४ जानेवारी १७६१ रोजी तो पानिपतावर भाऊसाहेबांच्या फौजेत होता. जखमी होऊन तिथून निघाला आणि भरतपूरच्या मुलखात वारला. वय सत्तावीसच्या आत. त्याच रणात इब्राहीमखान गारदी तोफखाना आणि कवायती पायदळ घेऊन मराठ्यांच्या बाजूने लढला, पकडला गेला आणि मारला गेला.

आता शुद्ध रक्ताच्या फांदीकडे पाहू. रघुनाथराव हे बाजीरावांचेच पुत्र, काशीबाईंच्या पोटचे. १७७३ मध्ये ते वाड्यात पुतण्याच्या नजरकैदेत होते. थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी आत घुसले. नारायणराव काकांना मिठी मारायला धावले आणि तिथेच मारले गेले. 'धरावे'चे 'मारावे' कोणी केले, ही गोष्ट पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिचा दोष आनंदीबाईंच्या एका अक्षरावर टाकून सगळे मोकळे होतात. रामशास्त्री प्रभुण्यांनी मात्र चौकशी केली, रघुनाथरावांना दोषी ठरवले आणि ते पुणे सोडून गेले. दोन वर्षांत, १७७५ साली, रघुनाथरावांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला. ज्याची मुंज झाली तो इंग्रजांकडे गेला, ज्याची झाली नाही तो पानिपतात कामी आला. शुद्धतेच्या हिशेबाला इतिहासाने दिलेले हे उत्तर कुठल्याही कादंबरीकाराला सुचावे इतके नेमके आहे. ब्लॅक घराण्यातही असेच घडते. पडद्यावर ज्यांची नावे शाबूत आहेत त्यांच्यापैकी काही जण अत्याचाऱ्याच्या बाजूला जातात आणि जाळलेल्या नावाचा सिरियस त्याच्याविरुद्ध लढत मरतो.

गारद्यांविषयीही थोडे बोलले पाहिजे. मराठी नाटक-सिनेमांत गारदी आला की तो दाढीवाला, विश्वासघातकी मुसलमान असतो, अशी आपल्या मनाची सवय झाली आहे. नारायणरावांच्या खुनात जी नावे नोंदली गेली ती सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसफ आणि तुळाजी पवार. म्हणजे चारांत मुसलमान एक. तुळाजी तर वाड्यातलाच नोकर. भाडोत्री शिपायांचा धर्म पगार हा होता आणि त्यांच्या हाती तलवार देणारा हात घरातला होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ मध्ये या प्रसंगावर नाटक लिहिले तेव्हा त्याला 'भाऊबंदकी' हे नाव दिले. तो शब्द अचूक होता. खुनी बाहेरून आला नव्हता.

हे खाडिलकर 'केसरी'तले. केसरीवाडा नारायण पेठेतच आहे. तो मूळचा बडोद्याच्या गायकवाडांचा वाडा. १९०५ मध्ये टिळकांनी तो सयाजीराव महाराजांकडून घेतला आणि संस्थानिकाच्या घरात छापखाना, वर्तमानपत्र आणि राजकारण आले. ग्रिमॉल्ड प्लेसचेही असेच होते. जुलमी खानदानाच्या घरात जुलमाविरुद्ध लढणाऱ्यांची कचेरी थाटली जाते. याचा अर्थ घराच्या कपाळी काही लिहिलेले नसते, राहणारे ते लिहितात. पण राहणाऱ्यांचेही दोन हात असतात. १८९३ च्या दंगलींनंतर हिंदूंनी मोहरमच्या ताबुतांपासून दूर राहावे असा प्रचार पुण्यात झाला. त्याच वातावरणात सार्वजनिक गणेशोत्सवाला रूप आले आणि त्यात टिळकांचा वाटा मोठा होता. ताबुतांपुढे एकत्र चालणाऱ्या पुण्याचा एक धागा तेव्हा तुटला. आणि १९१६ मध्ये लखनौला मुस्लीम लीगशी करार करताना, मुसलमानांना वेगळे मतदारसंघ देण्याच्या बाजूने ठामपणे उभे राहिले तेही टिळकच. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या चरित्रात आहेत. एक ठेवून दुसरी पुसणे म्हणजे पडद्यावर आणखी एक भोक पाडणे होय.

शनिवारवाडा २७ फेब्रुवारी १८२८ रोजी पेटला आणि कित्येक दिवस जळत राहिला. महाल गेले, तट, बुरूज, दरवाजे आणि चौथरे उरले. वाड्याला पाच दरवाजे आहेत. त्यांतल्या एकाचे नाव नारायण दरवाजा. नारायणरावांचा देह तिथून बाहेर नेला म्हणून ते पडले. दुसऱ्या एकाचे नाव मस्तानी दरवाजा किंवा अलीबहाद्दर दरवाजा. अलीबहाद्दर हा शमशेरबहाद्दराचा मुलगा, बाजीराव-मस्तानीचा नातू. त्याने बुंदेलखंडात मुलूख मिळवला, १८०२ मध्ये कालिंजरच्या वेढ्यात त्याचा अंत झाला आणि त्याचे वंशज बांद्याचे नवाब म्हणून राहिले. १८५७ मध्ये या वंशातला दुसरा अलीबहाद्दर इंग्रजांविरुद्ध उठला. रघुनाथरावांचा मुलगा दुसरा बाजीराव, त्याचे दत्तक पुत्र नानासाहेब हेही तेव्हा उठाव करणाऱ्यांत होते. मुंजीवरून वेगळ्या झालेल्या दोन फांद्या सव्वाशे वर्षांनी एका बाजूला उभ्या राहिल्या. अलीबहाद्दराची नवाबी गेली आणि उरलेले आयुष्य त्याने इंदूरला नजरेखाली काढले.

म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्ये जे घडले ते आम्हाला केवळ त्या दिवसाची बातमी वाटले नाही. शनिवारवाड्यात काही मुस्लीम महिला नमाज पढत असल्याची चित्रफीत पसरली. पाठोपाठ काही मंडळी वाड्यात जमली आणि गोमूत्र शिंपडून त्यांनी त्या जागेचे 'शुद्धीकरण' केले. संरक्षित स्मारकात कोणी प्रार्थना करावी की नाही, हा नियमाचा प्रश्न आहे. त्यासाठी पुरातत्त्व खाते आहे, पोलीस आहेत, कायदा आहे. त्याचे उत्तर आपल्या विरुद्ध आले तरी ते मानायला हवे. पण 'शुद्धीकरण' हा शब्द कायद्याच्या पुस्तकातला नाही, तो दारातल्या त्या चित्राच्या तोंडचा आहे. ज्या घराच्या तटाला आजही अलीबहाद्दराच्या नावाचा दरवाजा आहे, त्या घरात नमाज परकी कशी ठरते, हे विचारण्याचा हक्क इतिहासाने आपल्याला दिला आहे.

तो हक्क बजावण्याआधी आपल्या भिंतींवर काय टांगले आहे तेही पाहावे लागेल. आपल्या घरांतही शजरे असतात. कित्येक शजऱ्यांत मुलीचे नाव उतरवलेलेच नसते. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू एवढीच ओळ चालते. सय्यद, शेख, मोगल, पठाण यांच्या बैठकीत बागवान, अत्तार, पिंजारी, मोमीन यांचे स्थान कुठे, हा प्रश्न लग्न जमवताना उठतोच. 'हड्डी' पाहून मुलगी देणारा समाज दुसऱ्याच्या मुंजीच्या नकाराला हसू शकत नाही. महाराष्ट्रात शब्बीर अन्सारी यांच्या पुढाकाराने मुस्लीम ओबीसींची चळवळ उभी राहिली तेव्हा 'इस्लामात जात नाही' असे म्हणून तिला गप्प करू पाहणारे आपलेच होते. तत्त्वात जात नाही हे खरे. शजऱ्यात आहे, हेही खरे.

रोलिंग यांच्या गोष्टीत त्या घराचे पुढे काय होते ते सांगण्यासारखे आहे. सिरियसच्या मृत्यूनंतर ग्रिमॉल्ड प्लेस हॅरीकडे येते. हॅरीची आई जादूगार नसलेल्या घरातली. ज्यांच्या रक्ताला ते घर शिव्या देत होते त्यांचाच मुलगा त्याचा मालक होतो. शेवटच्या पुस्तकात त्याने मायेने वागवल्यावर म्हातारा क्रीचरही बदलतो, घर स्वच्छ करतो, त्याला जेवू घालतो. चित्र भिंतीवरून निघत नाही, पण त्याचे ऐकणारे कोणी उरत नाही. शनिवारवाडाही आता कोणा घराण्याचा नाही. तिकीट काढून आत जाणारा प्रत्येक जण त्याचा वारस आहे.

तेव्हा मुलांना घेऊन वाड्यात जावे. नारायण दरवाजापाशी त्यांना अठरा वर्षांच्या पोराची गोष्ट सांगावी, म्हणजे पलीकडच्या पेठेचे नाव त्यांना पुन्हा नुसता पत्ता वाटणार नाही. अलीबहाद्दर दरवाजापाशी पाबळ, पानिपत, भरतपूर आणि बांदा ही नावे क्रमाने सांगावीत. घरी परतल्यावर पेटीतला शजरा काढावा आणि आजींची, आत्यांची, मनाविरुद्ध लग्न केलेल्या चुलत बहिणीची नावे त्यात पेनाने लिहावीत. जागा पुरत नसेल तर कागद जोडावा.