व्हिएन्नाचा एक बरोबरीचा डाव

बरोबरींत सुटलेला बुद्धिबळाचा डाव मिळमिळीत असावयाचा, असा पुष्कळांचा समज असतो. माझाही होता. कार्ल हाम्पे आणि फिलिप माइट्नर हे १८७२ सालीं व्हिएन्ना शहरीं खेळले तो डाव पटावर मांडून पाहिला, तेव्हां तो समज गेला.

हाम्पे सरकारी अधिकारी, माइट्नर वकील. (अणुविज्ञानांत पुढें नांवाजलेली लीझ माइट्नर ती ह्याच वकिलाची कन्या.) पांढरीं मोहरीं हाम्पेकडे होतीं. तिसऱ्या खेळीला त्यानें आपला घोडा पटाच्या कडेला नेऊन काळ्या उंटावर रोखला. माइट्नरनें उंट मागें घेतला नाहीं. राजाजवळचें प्यादें मारून तो बळी दिला आणि पांढऱ्या राजाला बाहेर ओढलें. दहाव्या खेळीला त्या राजानेंच काळा वजीर मारला! पुढें दोन्ही काळे घोडेही गेले. राजा मात्र शत्रूच्या गोटांत येऊन उभा. राजा घरांत राखावा, असें आम्ही मुलांना शिकवीत आलों!

आतां उरलेल्या काळ्या उंटानें शह दिला. त्याला मारावें, तर काळा राजा एक घर पुढें सरून कोपऱ्यांतल्या हत्तीची वाट मोकळी करतो. मग मात टळत नाहीं. मागें फिरावयास एकच घर; तेथें तोच उंट पुन्हां शह देतो. तेथून राजा पहिल्या घरीं परततो, कीं उंटही परततो. बरें, काळ्यानें शह थांबवावे, तर वजिरावांचून त्याचा निभाव कसा लागणार? अठराव्या खेळीला डाव बरोबरींत सुटला.