मळेवाल्याचा बंगला

घरांचा इतिहास लिहितांना राजांचीं आणि कारागिरांचीं नांवें आपण आवर्जून देतों. परंतु अतिवृष्टीच्या डोंगरांत घराचा पहिला शिल्पकार पाऊसच असतो, हें बहुधा विसरतों. १९७२ पर्यंत जिला सिलोन म्हणत त्या श्रीलंकेच्या मध्यभागीं इंग्रज मळेवाल्यांनीं बांधलेले बंगले या दृष्टीनें अभ्यासण्याजोगे आहेत.

त्या डोंगरांवर प्रथम कॉफीचे मळे होते. १८६९ मध्यें कॉफीच्या पानांवर तांबेऱ्याचा रोग पडला आणि पुढील वीस वर्षांत ते मळे उद्ध्वस्त झाले. त्यापूर्वींच, १८६७ मध्यें, जेम्स टेलर या स्कॉच गृहस्थानें लूलकंदुरा येथें १९ एकरांत चहा लावला होता. कॉफीची जागा पुढें चहानें घेतली. चहास पाऊस हवा, आणि तो तेथें मुबलक. वटवळसारख्या ठिकाणीं वर्षाकाठीं २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. ६,००० फुटांवरील नुवारा एलियास पावसाच्या जोडीला थंडी आणि धुकें.

प्रारंभीं मळेवालाहि कुडाच्या भिंतींच्या, गवतानें शाकारलेल्या खोपटांतच राहत असे. मळ्यानें पैसा दिला तेव्हां त्याचा बंगला उभा राहिला. बंगला हा शब्दच मुळीं बंगालचा. तेथील उतरत्या छपराच्या झोपडीनें इंग्रजास जो धडा दिला, तोच त्यानें येथें गिरविला. पाणी क्षणभरहि थांबूं नये म्हणून छपरास चांगला उतार. भिंत भिजूं नये म्हणून वळचण रुंद. जमिनीची ओल वर चढूं नये म्हणून जोतें उंच. पावसांतहि मोकळ्या हवेंत बसतां यावें म्हणून पुढें ऐसपैस व्हरांडा. यांत त्यानें आपल्या देशची एक सोय मिळविली. ती म्हणजे भिंतींतील शेकोटी आणि तिचें धुराडें. कपडे, पुस्तकें आणि माणसें कोरडीं राहण्यास तिचाच आधार. जागाहि तो बहुधा उंचवट्याची निवडी. म्हणजे पाणी चोहोंकडे निघून जाई आणि मळ्यावर नजरहि राही. या योजनेंत डामडौलापेक्षां शहाणपणच अधिक आहे, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों.

परंतु त्याच मळ्यावर मजुरांच्या ‘लाइनी’हि होत्या. मद्रास इलाख्यांतून आलेल्या तमिळ मजुरांसाठीं बांधलेल्या या लांबच लांब चाळी. एका कुटुंबास बहुधा एकच खोली, सुमारें १० फूट रुंद व १२ फूट लांब. कित्येक ठिकाणीं दोन रांगा पाठीला पाठ लावून बांधलेल्या. त्यामुळें मागें खिडकी नाहीं आणि चुलीचा धूर व भिंतींची ओल हीं दोन्ही आंतच कोंडलेलीं. पाऊस मात्र दोन्ही छपरांवर सारखाच पडे. ओल कशी टाळावी, वारा कसा खेळवावा, याचें ज्ञान मळ्यावर नव्हतें असें नाहीं; तें टेकडीवरच राहिलें, खालीं उतरलें नाहीं.

१९४८ च्या कायद्यानें यांतील बहुतेकांस नागरिकत्वहि नाकारलें, आणि तो प्रश्न मिटविणारा कायदा होण्यास २००३ साल उजाडलें. २९ ऑक्टोबर २०१४ रोजीं कोसलंदा गांवाजवळील मीरियाबेद्दा मळ्यावर दरड कोसळली आणि मजुरांच्या लाइनी माणसांसह गाडल्या गेल्या. जुन्या बंगल्यांपैकीं कित्येक आतां प्रवाशांचीं अतिथिगृहें बनले आहेत. त्यांच्या व्हरांड्यांत बसून पाऊस पाहण्यास दूरदूरचे लोक येतात.

आपल्यांपैकीं कोणी महाबळेश्वरीं वा कूर्गांत घर बांधावयास निघाला, तर छपराचा उतार आणि जोत्याची उंची त्यानें या बंगल्यांपासून अवश्य शिकावी. मात्र नकाशा पुरा करण्यापूर्वीं एक रेघ आणखी काढावी: आपल्या अंगणांतून निघालेलें पाणी कोठें जातें, आणि तेथें कोण राहतें.