आश्रमशाळेतील मुलींची सुरक्षा : कायदा आणि तक्रारीचा मार्ग

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी या समाजांतील अनेक मुली येथील शासकीय व अनुदानित आश्रमशाळांत राहून शिकतात. दिवाळीनंतर अनेक आईवडील वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीसाठी वसई-भिवंडीकडे जातात. त्या काळात मुख्याध्यापक, शिक्षक, अधीक्षिका आणि कामाठी हीच मुलीच्या भोवतीची मोठी माणसे असतात. छळ करणारा त्यांच्यापैकीच एक असेल, तर तिने सांगावे कोणाला? येथील सुरक्षेचा मूळ प्रश्न हाच आहे.

भेदभाव आणि छळ

मुलगी म्हणून झाडलोट किंवा स्वयंपाकघरातील कामे तिच्यावरच टाकणे, खेळातून वगळणे, मासिक पाळीवरून हिणवणे हा भेदभाव होय. संविधानाच्या अनुच्छेद 15 नुसार राज्यसंस्थेला लिंगाच्या आधारे भेदभाव करता येत नाही. भेदभाव आणि छळ यांतील अंतर किती थोडे असते, हे मोखाड्यालगतच्या शहापूर तालुक्यात जुलै 2025 मध्ये दिसले. तेथील एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग आढळल्यावर मुलींची कपडे उतरवून तपासणी केल्याचा आरोप झाला आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला.

पॉक्सो काय सांगतो?

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा 2012 चा अधिनियम, म्हणजेच पॉक्सो, 14 नोव्हेंबर 2012 पासून अमलात आहे. अठरा वर्षांखालील मुलगे व मुली दोघांनाही तो लागू होतो. लैंगिक हेतूने केलेले शेरे, हावभाव, पाठलाग, अश्लील चित्रे दाखवणे हेही या कायद्याखाली गुन्हे असून त्यांस तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. शिक्षणसंस्थेतील व्यवस्थापकाने वा कर्मचाऱ्याने लैंगिक अत्याचार केल्यास तो अधिक गंभीर प्रकार मानला जातो. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा बलात्कारासारख्या अपराधास किमान वीस वर्षांची शिक्षा आहे.

कलम 19 सर्वांत महत्त्वाचे. असा अपराध घडल्याचे कळलेल्या प्रत्येकाने ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थाप्रमुखाने कनिष्ठाविरुद्धची माहिती दडवल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. 'शाळेचे नाव खराब होईल' म्हणून प्रकरण आपसांत मिटवणे हा म्हणूनच स्वतंत्र गुन्हा ठरतो.

शाळेतील महिला कर्मचाऱ्यांना 2013 च्या कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळविरोधी कायद्याचे संरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1997 च्या विशाखा निकालातून हा कायदा उभा राहिला. दहा किंवा अधिक कर्मचारी असल्यास अंतर्गत समिती आवश्यक; अन्यथा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. साधारणतः घटनेपासून तीन महिन्यांत ती द्यावी लागते.

समित्या कशासाठी?

शाळांत तक्रारपेटी बसवण्याचे आदेश राज्य शासनाने 2017 मध्ये दिले. मार्च 2022 च्या निर्णयाने 'सखी सावित्री' समित्या आल्या. त्यांत शिक्षिकेबरोबर अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, महिला पालक आणि विद्यार्थी प्रतिनिधी अपेक्षित आहेत. बदलापूरच्या ऑगस्ट 2024 मधील घटनेनंतर शासनाने या तरतुदींची पुन्हा आठवण करून दिली.

जव्हार-मोखाड्यात या समितीचे खरे मोल तिच्यातील शाळेबाहेरच्या सदस्यांत आहे. अंगणवाडी सेविकेशी मुलगी आपल्या बोलीत बोलू शकते. प्रमाण मराठीत लेखी तक्रार करणे पहिली-दुसरीतल्या मुलीला अशक्यच. मात्र महिला पालकच कामासाठी परगावी असतील, तर बैठक कागदावरच राहते. म्हणून बैठका स्थलांतरापूर्वी व परतल्यावर ठेवाव्यात, मधल्या काळासाठी गावातच राहणारी सदस्य नेमावी आणि पेटीची किल्ली मुख्याध्यापकांकडे न ठेवता बाहेरच्या सदस्याकडे द्यावी. लेखणीऐवजी चित्र वा खूण चालेल, हेही मुलींना सांगावे.

मुलीने सांगितल्यास

तिचे बोलणे शांतपणे ऐकावे. पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये आणि आरोपीसमोर उभे करू नये. पोलिसांना तत्काळ कळवावे. हद्दीचे कारण देऊन कोणतेही ठाणे नोंद नाकारू शकत नाही. जबाब मुलीच्या घरी किंवा तिच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावयाचा असतो. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच, पालक वा विश्वासू व्यक्तीसमोर करावयाची असते. तिचे नाव, छायाचित्र किंवा शाळा प्रसिद्ध करता येत नाही. बालकांसाठी 1098 आणि आपत्कालीन मदतीसाठी 112 हे क्रमांक आहेत. बालकल्याण समिती आणि जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय यांनाही कळवता येते.

शहरांतील अनेक मंडळे या शाळांना वह्या, स्वेटर, संगणक देतात. पुढील भेटीत त्यांनी सखी सावित्री समितीच्या सदस्यांची नावे फलकावर आहेत का आणि मागील बैठक केव्हा झाली, एवढे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.