नमुन्याची तबकडी

गाण्याचा इतिहास सांगावयाचा म्हणजे घराण्यांचा सांगावा, अशी आपल्याकडे रीत आहे. कोणाचे गुरू कोण, कोणी कोणाचा गंडा बांधला, कोणत्या दरबारात कोणाला मान मिळाला, ही हकीकत रसाळ असते आणि ती खोटीही नसते. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांत आपल्या गाण्याला जे वळण लागले, त्यात गुरूइतकाच एका निर्जीव वस्तूचा वाटा आहे. ती वस्तू म्हणजे ग्रामोफोनची तबकडी. आज आम्ही तिचा, विशेषतः तिच्या आरंभीच्या दिवसांचा इतिहास सांगणार आहोत. आम्ही गवई नाही. आमचे आयुष्य हमाल, गिरणी कामगार आणि कारखान्यांतील मजूर यांच्या संघटनेत गेले, आणि शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयात अधिक झाले. त्यामुळे एखादी वस्तू हाती आली की ती कोणी केली आणि त्याला काय मिळाले, हा प्रश्न आम्हांला प्रथम सुचतो. तबकडीलाही आम्ही तोच प्रश्न विचारणार आहो.

प्रथम ती कशी तयार होत असे ते पाहू. जाड मेणाची एक गुळगुळीत चकती फिरत असे. गायक एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गाई, त्या आवाजाने कर्ण्याच्या टोकाचा पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली सुई मेणात नागमोडी खाच कोरीत जाई. गंमत अशी की, हे मेण तेथल्या तेथे वाजवून ऐकता येई, पण ऐकले की त्याची खाच बिघडे. म्हणून एक गाणे नुसते अजमावण्यासाठी घेत आणि दुसरे राखण्यासाठी. राखलेल्या मेणावर विजेच्या साहाय्याने तांब्याचा थर चढवीत, त्यापासून साचे करीत आणि साच्यांत गरम लगदा दाबून तबकड्या काढीत. पहिल्या दोनचार तबकड्या बाजारात जात नसत. त्या ऐकून पसंती द्यावयाची असे. नापसंत झाली तर साचा मोडला जाई. ह्या झाल्या नमुन्याच्या तबकड्या. त्यांतल्या फारच थोड्या उरल्या आणि म्हणूनच संग्राहक आज त्यांच्यासाठी जिवाचे रान करतात. तबकडीच्या मध्यभागी, कागदी चिठ्ठीच्या कडेला जे बारीक आकडे कोरलेले असतात, त्यांवरून कोणते मेण कोणत्या क्रमाने भरले गेले हे जाणकारांना ओळखता येते.

हिंदुस्थानातील पहिले मोठे ध्वनिमुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास झाले. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने फ्रेड गैसबर्ग नावाचा आपला तंत्रज्ञ त्यासाठी पाठविला होता. आरंभी त्याने तेथील रंगभूमीवरील शशिमुखी आणि फणिबाला ह्या दोन तरुण मुलींचे आवाज घेतले. ते त्याच्या मनास आले नाहीत. त्यानंतर काही दिवसांतच गोहरजान आली आणि तिने मात्र त्याला जिंकले. गाणे संपता संपता ती आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगते. पुष्कळांना तो नखरा वाटतो, पण त्याचे कारण साधे होते. ही मेणे जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात जावयाची होती, आणि तेथल्या कारागिरांना कोणाचे गाणे कोणते हे कळावे कसे? म्हणून गाणाराने आपले नाव स्वतःच सांगावे. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यास सियालदह येथे कारखाना निघाला, आणि तबकड्या आपल्याच देशात, आपल्याच मजुरांच्या हातून निघू लागल्या.

आता ह्या यंत्राने गाण्याचे काय केले ते पाहू. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत, बारा इंचीस त्याहून थोडी अधिक. ज्या ख्यालाला तासभर पुरत नसे त्याला तीन मिनिटांत उभे करावयाचे! आलाप आटोपता आला, बंदिश चटकन पुढे आली, तान मोजकी झाली. हे नुकसानच झाले असे म्हणणारे आहेत आणि त्यांचे अगदीच चुकते असे नाही. परंतु रागाचे सारे रूप तीन मिनिटांत नेमके दाखविणे ही एक नवी कला त्यातून जन्मली. दुसरे असे की, कर्ण्याला हळू आवाज ऐकू येत नसे. तंबोरा जवळजवळ नाहीसा होई आणि गायकाला जोर लावून गावे लागे. १९२५ च्या सुमारास विजेचा ध्वनिग्राहक आला, आपल्याकडे तो त्यानंतर काही वर्षांत पोचला, आणि कुजबुजीसारखा मऊ आवाजही तबकडीवर उतरू लागला. मराठी भावगीताची वाट ह्या यंत्राने सोपी केली, असे आमचे मत आहे.

त्या वाटेचा एक धागा आपल्या अगदी शेजारी निघतो. आपल्या तालुक्याच्या शिवेपलीकडे बुलढाणा जिल्हा लागतो. त्या काळी ही शीव म्हणजे निजामाची मोगलाई आणि इंग्रजी अमलातले वऱ्हाड यांची हद्द. त्या जिल्ह्यात मेहकर येथे ना. घ. देशपांडे हे कवी राहत. त्यांची 'शीळ' ही कविता नागपूरकडचे एक तरुण कायदेपदवीधर गो. ना. जोशी यांनी गाइली, आणि १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिची तबकडी निघाली. मराठी भावगीताच्या आरंभीच्या तबकड्यांत हिचे नाव नेहमी घेतले जाते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कवीचा 'शीळ' हा संग्रह १९५४ साली छापला गेला, म्हणजे पुस्तकाच्या कितीतरी आधी कविता कानोकानी पोचली होती. करोडगिरीच्या नाक्यावर मालाला जकात पडे, पण चालीला कोण जकात लावणार? पुढे गो. ना. जोशी त्याच ग्रामोफोन कंपनीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले आणि अनेक नामांकित गवयांना त्यांनी तबकडीसमोर आणून बसविले.

सगळेच गवई मात्र तिच्यासमोर बसले नाहीत. अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते, तरी त्यांची एकही तबकडी आज उपलब्ध नाही. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये वारले, त्यांचाही आवाज आपल्याला ऐकावयास मिळत नाही. मग ही दोन्ही गाणी बुडाली काय? नाही. १९१६ सालच्या 'स्वयंवर' नाटकाच्या पदांना चाली भास्करबुवांनी दिल्या, आणि ती पदे बालगंधर्वांच्या तबकड्यांवर चढून घरोघर गेली. जो स्वतः तबकडीपासून दूर राहिला त्याची चाल शिष्याच्या गळ्यातून तबकडीवर आली. अल्लादिया खाँसाहेबांची गायकी त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांच्या आवाजात राहिली. गोव्यातल्या केरी गावच्या ह्या बाईंची तीन-साडेतीन मिनिटांची एक भैरवी १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' यानांवर, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीत घालून, सूर्यमालेच्या बाहेर जाण्यासाठी पाठविली. त्याच वर्षी सप्टेंबरात बाई वारल्या. तबकडीच्या वेळेच्या मापात बसविलेले ते गाणे आज ताऱ्यांच्या दिशेने चालले आहे.

तबकडीने आणखी एक मोठे काम केले. ज्याला गुरूच्या दारात पाऊल ठेवण्याची ऐपत नव्हती, ओळख नव्हती, त्याच्या कानापर्यंत तिने उत्तम गाणे नेले. गदगच्या बाजुच्या एका शाळामास्तरांचा मुलगा दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी ऐकून वेडा झाला, आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, असे गाणे शिकविणारा गुरू शोधीत घरातून निघून गेला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. पुष्कळ भटकंतीनंतर खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्यापाशी तो शिकला. ह्या गोष्टीचे तात्पर्य आम्हांला असे दिसते की, तबकडी ही गुरूची जागा घेत नाही, ती गुरूच्या घराची वाट दाखविते. पण ती वाट दुकानापुढे उभ्या असलेल्या कोणाही पोराला दाखविते, जात, गाव, पैसा विचारीत नाही. पुस्तकांनी आमच्यासारख्यांसाठी जे केले तेच तबकडीने गाणाऱ्यांसाठी केले.

परदेशी कंपनीचे कुत्र्याचे चित्र सर्वांना ठाऊक आहे. पण १९३५ ते १९५५ ह्या काळात मुंबईत नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड कंपनीने 'यंग इंडिया' छापाच्या स्वदेशी तबकड्या काढल्या हे थोड्यांना माहीत असते. मोठे कलावंत बहुधा मोठ्या कंपनीशी कराराने बांधलेले. तेव्हा ह्या कंपनीला नवखे, हौशी गाणारे घ्यावे लागले. त्यांतल्या कित्येकांची तीच पहिली आणि तीच शेवटची तबकडी. व्यापाराच्या हिशेबाने ती कंपनी मागे पडली. परंतु सामान्य माणसाचा त्या काळचा आवाज कसा होता, हे जाणावयाचे तर थोरामोठ्यांच्या तबकड्यांपेक्षा ह्या नवख्यांच्या तबकड्याच अधिक उपयोगी पडतात.

आता आमचा मूळ प्रश्न: हे कोणी केले? जुनी तबकडी लाखेची असे. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर राहणाऱ्या किड्याची राळ. छोटा नागपूरच्या जंगलात आदिवासी बायाबापड्यांनी ती खरवडावी, धुवावी, गाळावी, आणि मग तिच्यात दगडाची पूड व काजळी मिसळून तबकडीचा लगदा व्हावा. जगभरच्या तबकड्यांना ही लाख बहुतांशी आपल्या देशातून जाई. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक निर्बंध घातले. त्या टंचाईने व्हिनाइल ह्या कृत्रिम पदार्थाला पुढे यावयास संधी मिळाली. १९४८ साली अमेरिकेत व्हिनाइलची लांब वाजणारी तबकडी निघाली. तिच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गाणे मावे, म्हणजे आलापाला गमावलेली जागा काही अंशी परत मिळाली. इकडे लाखेच्या तबकडीचा धंदा मात्र बसत गेला.

लाख खरवडणारीचे नाव तबकडीवर असण्याची अपेक्षा कोणी करणार नाही. पण सारंगियाचे? तबलजीचे? पेटीवाल्याचे? जुन्या तबकड्यांच्या चिठ्ठीवर गायकाचे नाव, राग आणि ताल असे. साथीदारांची नावे बहुतेक वेळा नसतच. गायकालाही बहुधा एकदाची बिदागी मिळे आणि व्यवहार संपे. कायद्यात गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांच्या स्वतंत्र हक्काला १९९४ च्या दुरुस्तीने प्रथम जागा मिळाली आणि २०१२ च्या दुरुस्तीने ती अधिक रुंदावली. १९०२ पासून मोजले तर ह्याला ९२ वर्षे लागली. मजुराच्या हक्काची चाल किती मंद असते हे आम्ही जन्मभर पाहत आलो आहो, तरी हा आकडा पाहून आम्हीही क्षणभर थबकलो.

आणि हे आपण भोकरदनच्या लोकांनी तरी विसरता कामा नये. केळना नदीच्या काठचे आपले हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वी येथून लोक सांची आणि भारहूत येथे गेले, स्तूपांना दान दिले, आणि आपण भोगवर्धनचे आहोत असे दगडावर कोरवून आले. सांचीच्याच एका तोरणावर ते कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले असल्याचा लेख आहे. आपल्या गावच्या उत्खननातही हस्तिदंताची एक सुरेख मूर्ती सापडली आहे आणि थेट इटलीतल्या पाँपेई येथे मिळालेल्या मूर्तीशी तिचे साम्य दाखविले जाते. सांगावयाचे इतकेच की, कारागिराने आपल्या कामावर नाव घालण्याची रीत ह्या भूमीला जुनी आहे. विसाव्या शतकातल्या कारखान्याने ती मोडली.

मोडलेली रीत थोडीशी तरी सांधता येईल. १९९० साली मुंबईत स्थापन झालेली भारतीय तबकडी संग्राहकांची संस्था हे काम करीत आली आहे. पण सारे काम मुंबईकरांवर टाकून कसे चालेल? आपल्या गावांतल्या वाड्यांच्या माळ्यांवर, जुन्या कर्णेवाल्यांच्या पेट्यांत तबकड्या पडून आहेत. लग्नात कर्ण्यावर गाणी लावणाऱ्या त्या माणसांनी एके काळी गावाला गाणे ऐकविले, आणि आता त्यांची मुले त्या तबकड्या भंगारात किलोवर घालतात. तसे होऊ देऊ नका. तबकड्या उभ्या ठेवा, आडव्या रचू नका, उन्हापासून जपा. लाखेची तबकडी स्पिरिटने कधी पुसू नका, लाख त्यात विरघळते. ती नव्या यंत्राच्या बारीक सुईवर वाजवू नका, तिची खाच रुंद असते. आणि एक वही घाला. चिठ्ठीवरचे नाव, क्रमांक, कडेला कोरलेले आकडे उतरून घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की ह्यात पेटी कोणाची, तबला कोणाचा, आणि सांगितलेले नाव जसेच्या तसे लिहा. खात्री नसेल तर सांगणाऱ्याचे नाव शेजारी लिहा. सार्वजनिक वाचनालयाच्या एका कपाटात अशी वही राहिली तर पुढच्या पिढीला गवयाबरोबर त्याच्या साथीदाराचेही नाव सापडेल. त्यासाठी पैसा फार लागत नाही. संध्याकाळी दोन तास बसणारी चार माणसे लागतात, आणि ती ह्या सभेत नक्कीच आहेत.