खाडीकाठचा कामगार आणि भरपाईची साक्ष

कामावर जखमी झालेल्या मजुराला मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मागता येऊ लागली ती १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यामुळे. १ जुलै १९२४ ला तो अमलात आला, पण ब्रिटिश हिंदुस्थानापुरताच. सिद्दींच्या जंजिरा संस्थानातले खाडीकाठचे आगरदांडा गाव १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत त्याच्या बाहेर राहिले.

या कायद्याखाली, २०२५ पर्यंत, दावा आयुक्तांपुढे चाले. कामगाराच्या वतीने वकील किंवा नोंदणीकृत संघटनेचा पदाधिकारी उभा राहू शके. जबानी मात्र त्याची त्यालाच द्यावी लागे. आयुक्त तिचे सार तेवढे टिपत, डॉक्टरची साक्ष मात्र शक्य तितकी शब्दशः उतरवत. ही तफावत कामगाराला जड जाई. काम कोणते, कोणी सांगितले, किती वाजता काय झाले, हे नेमके बोलले नाही तर सारात काहीच उरत नसे.

कोकणातले असंख्य तरुण मुंबईच्या बोटींवर खलाशी म्हणून गेले. तिथे तर अनेकदा साक्षीदारच नसे. डिसेंबर १९६१ मध्ये इराणच्या आखातात ‘द्वारका’ बोटीवरचा एक खलाशी नाहीसा झाला. पहाटे तीनला ‘झोपायला जातो’ असे त्याने सोबत्याला सांगितले होते. सव्वासहाला तो सापडेना. वडिलांनी दावा केला. आयुक्तांनी लॉगबुक तपासले, बोटही पाहिली आणि अपघाताचा पुरावा नाही म्हणून दावा फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाने भरपाई दिली. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. परिस्थितीजन्य पुरावा चालतो, पण मृत्यूचा कामाशी संबंध दाखवण्याचा भार दावेदारावरच, असे ठरले. मुलगा समुद्रात आणि कागद कंपनीकडे, अशा बापावर हा भार किती, ते सांगायला नको.

अपंगत्वाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा १९७५ चा निकाल उदार ठरला. डावा हात कोपरावरून गेलेल्या सुताराची कमाईची शक्ती पूर्णच गेली, कारण सुतारकाम एका हाताने होत नाही. म्हणून जखमेइतकेच रोजच्या कामाचे वर्णनही साक्षीत लागते.

कामावर जाता-येतानाच्या अपघाताचा प्रश्न खाडीकाठी जवळचा. पोरबंदरच्या मिठागरातले मजूर परतताना होडी उलटून बुडाले, तेव्हा १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई नाकारली. जुलै २०२५ मध्ये मात्र, साखर कारखान्यात पाळीवर निघालेल्या महाराष्ट्रातल्या रखवालदाराच्या प्रकरणात, वेळ, जागा आणि नोकरी यांची सांगड बसत असेल तर वाटेवरचा अपघातही कामातलाच, असा निर्णय त्याच न्यायालयाने दिला. आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला कामावर जाणाऱ्याच्या दाव्यात पाळीची वेळ, हजेरीपट आणि नेहमीची वाट जबानीत यायला हवी ती यामुळेच.