आरोपीच्या तोंडची आई

एकामागून एक खून करणाऱ्यांचे चित्रपट पाहिले की खुनी बहुधा पुरुष आणि बळी बहुधा स्त्री असे दिसते. पण अखेरीस दोषाचा शोध सुरू झाला की तो पुष्कळदा एखाद्या स्त्रीच्याच उंबरठ्यावर येऊन थांबतो.

रॉबर्ट ब्लॉक यांच्या कादंबरीवरून हिचकॉक यांनी १९६० साली ‘सायको’ काढला. त्यात नॉर्मन बेट्स हा तरुण आईची वस्त्रे लेवून खून करतो. शेवटी मानसोपचारतज्ज्ञ पोलिसांस उलगडा करून देतो : आई हेकट, मुलास कवटाळून बसणारी, तिला प्रियकर मिळताच मुलाने मत्सराने दोघांसही विष घातले, आणि ते पाप असह्य होऊन तो स्वतःच आई बनला. म्हणजे खून करतो तो त्याच्यातील पुरुष नव्हे, त्याच्यातील बाई! पौरुष निर्दोष सुटले.

वकिलाने येथे थबकावे. हे सारे तज्ज्ञास सांगितले कोणी? ‘आईने’, असे तोच म्हणतो. ती आई तर दहा वर्षांपूर्वीच मेलेली. बोलतो तो आरोपीच. मृत स्त्रीच्या स्वभावाविषयी एकमेव साक्षीदार तिचा खुनी, आणि उलटतपासणी घेणारा कोणी नाही. (पडद्यावर आईसाठी जे आवाज योजले, त्यांत एक तरुण पुरुषाचा होता.)

त्याच वर्षी इंग्लंडात मायकेल पॉवेल यांचा ‘पीपिंग टॉम’ आला. त्यातील मार्क कॅमेऱ्याच्या तिकाटण्यात दडविलेल्या पात्याने स्त्रियांस मारतो आणि मरतानाचे त्यांचे भय चित्रित करतो. येथे दोष पित्याकडे जातो. भीतीचा अभ्यास करणारा हा शास्त्रज्ञ पोटच्या पोरास झोपेतून दचकवून उठवी, त्याच्या अंथरुणावर सरडा सोडी आणि सर्वाची फिल्म घेई. पुरावा ऐकीव नव्हे, पित्याने स्वहस्ते निर्माण केलेला. ती पित्याची भूमिका पॉवेल यांनी स्वतःच केली आणि लहानग्या मार्कची त्यांच्या मुलाने. मार्कला प्रथम ओळखते ती त्याच्या घरातील भाडेकरू, एक आंधळी आई.

समीक्षकांनी ‘पीपिंग टॉम’ला झोडपून काढले, पॉवेल यांची कारकीर्द खिळखिळी झाली, ‘सायको’ मात्र तुफान चालला. दोहोंच्या नशिबाचे कारण एवढेच, असे मी म्हणणार नाही. हिचकॉक यांचे कसब वादातीत आहे. तथापि स्त्रीवेषातील खुनी १९८० च्या ‘ड्रेस्ड टू किल’मध्ये पुन्हा आला, आणि १९९१ च्या ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’मध्ये स्त्रियांची कातडी शिवून स्त्री होऊ पाहणारा आला.

‘सायको’च्या कथेवर १९५७ साली विस्कॉन्सिनात उघडकीस आलेल्या प्रकरणाची छाया आहे. तेथे ज्या दोन स्त्रियांचे खून झाले, त्यांतील एक मद्यगृह चालवीत होती, दुसरी लोखंडी सामानाचे दुकान.